सात छोटे, एक लांब : क्रूझवरचं ड्रिल आणि लाईफबोटीचं खरं काम

क्रूझ जहाजावर आणीबाणीचा इशारा एकच असतो आणि तो जगभर सारखाच: सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब. जहाजाचा भोंगा आणि आतल्या घंटा दोन्हींवर तो वाजतो. बहुतेक प्रवाशांना वाटतं की हा वाजला म्हणजे जहाज सोडायचं. तसं नाही. याचा अर्थ एवढाच की आपापल्या ठरलेल्या जागी जमा व्हा. जहाज सोडायचा हुकूम वेगळा, तो कॅप्टनच्या सांगण्यावरून निघतो, आणि बहुतांश प्रसंगांत तो द्यायची वेळच येत नाही. आग विझते, पाणी आटोक्यात येतं, लोक दोन-चार तास मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमा व्हायच्या ठरलेल्या जागी, कंटाळतात आणि केबिनमध्ये परत जातात.

हा फरक नीट समजला की ड्रिलमध्ये नेमकं काय तपासतात तेही समजतं. तिथे तुम्हाला बोटीत बसवत नाहीत आणि बोट चालवायलाही शिकवत नाहीत. तुम्ही योग्य ठिकाणी पोचता का आणि तुमची मोजणी होते का, एवढंच पाहतात. हे फार किरकोळ वाटतं. पण पाच-सहा हजार माणसांच्या जहाजावर सगळ्यात अवघड काम हेच असतं.

बोटी कमी पडतात ही भीती टायटॅनिकपासून लोकांच्या डोक्यात बसली आहे. १९१२ साली ती खरीच होती. त्या वेळचा ब्रिटिश नियम जहाजाच्या टनांवर बेतलेला होता, माणसांवर नाही. दहा हजार टनांच्या वरच्या जहाजाला सोळा बोटी पुरे, मग ते जहाज ४६ हजार टनांचं का असेना. टायटॅनिकवर वीस बोटी होत्या, म्हणजे नियमापेक्षा चार जास्तच. त्यांत ११७८ जणांची सोय होती आणि जहाजावर माणसं होती सुमारे २२००. पण त्या रात्रीची दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: होत्या त्या जागाही भरल्या नाहीत. पहिली बोट ६५ जणांची होती, ती तिसाहूनही कमी माणसं घेऊन खाली गेली. चाळीस जणांच्या एका बोटीत बारा जण होते. माणसांना गोळा करून कुठल्या बोटीत कोण, हे ठरवणारी व्यवस्थाच नव्हती. १९१४ साली पहिला सोलास करार, म्हणजे समुद्रावर जीव वाचवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार, झाला तो या दोन्ही धड्यांतून. आज लागू आहे तो १९७४ चा करार, वेळोवेळी दुरुस्त केलेला.

आता जागांचं गणित. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या प्रवासी जहाजावर मूळ नियम असा की प्रत्येक बाजूला एकूण माणसांच्या निम्म्यांना पुरतील एवढ्या लाईफबोटी हव्यात. काही बोटींऐवजी फुगणारे तराफे ठेवायची सवलत आहे, पण कुठल्याही बाजूच्या बोटी ३७.५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नयेत. शिवाय या सगळ्यावर एकूण माणसांच्या २५ टक्क्यांसाठी जादा तराफे. समजा जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ६००० जण आहेत. कमीत कमी धरलं तरी दोन्ही बाजूंच्या बोटींत मिळून ४५००, बदली तराफ्यांत १५००, जादा तराफ्यांत आणखी १५००. एकूण ७५०० जागा. माणसं मोजताना खलाशी, स्वयंपाकी, वेटर, वादक सगळे धरतात. बऱ्याच जहाजांवर बोटी मुख्यतः प्रवाशांसाठी असतात आणि कर्मचाऱ्यांतले बरेचसे तराफ्यांवर जातात, कारण तराफ्यात उतरायला जरा जास्त सराव लागतो.

बोटींचा आकारही बदलला. नियमावलीप्रमाणे एका लाईफबोटीत जास्तीत जास्त १५० माणसं. २००९ साली आलेल्या ओअॅसिस ऑफ द सीज या जहाजाने मात्र वेगळी मंजुरी घेऊन ३७० जणांच्या अठरा बोटी बसवल्या. बोटींची संख्या कमी झाली की त्या उतरवायची यंत्रं, म्हणजे डेव्हिट, विंच आणि हूकही कमी लागतात. म्हणजे बिघडू शकणाऱ्या गोष्टीच घटतात. पण ३७० जणांचा एक गट गोळा करणं, मोजणं आणि एका बोटीत बसवणं हे दीडशे जणांपेक्षा कितीतरी कठीण. यंत्रावरचं ओझं माणसांच्या व्यवस्थेवर सरकलं, असं मला वाटतं.

म्हणजे जागांची ददात नाही. अडतं ते वेळेशी. नियम सांगतो की सगळ्या बोटी आणि तराफे भरून ३० मिनिटांत पाण्यात उतरवता आले पाहिजेत. हा आकडा लोक हमखास चुकीचा वाचतात. ही तीस मिनिटं सुरू होतात ती सगळे जमा होऊन, लाईफजॅकेट घालून उभे राहिल्यावर, 'जहाज सोडा' असा हुकूम निघाल्यापासून. त्याआधीचा वेळ यात धरलेला नाही, आणि नेमका तोच वेळ हाताबाहेर जातो. नव्या जहाजाचा आराखडा तपासताना सगळं मिळून लागणारा वेळही काढतात. तीनपेक्षा जास्त उभ्या अग्निविभागांच्या (आग पसरू नये म्हणून पाडलेल्या भागांच्या) मोठ्या जहाजाला ८० मिनिटं, लहानाला ६०. त्या हिशोबात भोंगा ऐकल्यापासून माणूस हालायला लागेपर्यंत दिवसा पाच मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं धरतात. केबिनमध्ये बॅग भरत बसलेला, जिना चुकून परत फिरलेला, नातेवाइकाला शोधायला दुसऱ्या टोकाला निघालेला प्रवासी हा हिशोब एकटा बिघडवत नाही. असे शंभर असले की बिघडतो.

कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाचं उदाहरण घ्या. १३ जानेवारी २०१२, इटलीतलं जिल्यो बेट. जहाजावर ४२२९ जण. रात्री ९:४५ ला खडकावर आपटलं, वीज गेली. प्रवाशांना सांगितलं की विजेचा बिघाड आहे. सात छोटे एक लांब हा इशारा वाजला १०:३३ ला, आणि जहाज सोडायची घोषणा त्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी. इशाऱ्याआधीची ४८ मिनिटं अशीच गेली. त्याच वेळात जहाज कललं तर काय होतं बघा: बोटी आणि त्यांची उतरवायची यंत्रणा २० अंशांपर्यंतच्या कलण्यात आणि १० अंशांपर्यंतच्या पुढे-मागे झुकण्यात चालेल अशी बनवलेली असते. त्यापुढे गेलं की वर उचललेल्या बाजूची बोट जहाजाच्या पोटावर घासत, अडकत खाली येते किंवा येतच नाही. खाली गेलेल्या बाजूची बोट जहाजापासून लांब झुलते, मधली फट ओलांडून तिच्यात पाय टाकणं मुश्कील. जहाजावर सव्वाशे टक्के जागा आहेत, पण कल वाढल्यावर त्यांतल्या निम्म्या हाताशी येत नाहीत. त्या रात्री ३२ माणसं गेली.

त्याच दिवशी चिव्हिताव्हेक्किया बंदरात चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांचं ड्रिल अजून व्हायचंच होतं. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवलं होतं आणि त्या वेळच्या नियमात ते बसत होतं, कारण नियमात चोवीस तासांची मुभा होती. ती मुभा गेली. १ जानेवारी २०१५ पासून चोवीस तासांहून जास्त काळ जहाजावर राहणाऱ्या नव्या प्रवाशांचं ड्रिल जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच लगेच घ्यावं लागतं. 'आम्ही दमून आलोय, उद्या करू' हे आता चालत नाही. न येणाऱ्या प्रवाशाला पुन्हा बोलावतात, आणि तरीही टाळणाऱ्याला कंपनी बंदरावर उतरवूही शकते.

२०२० नंतर ड्रिलचं रूपही पालटलं. पूर्वी सगळे एकाच वेळी डेकवर रांगेत उभे राहायचे, लाईफजॅकेट गळ्यात, ऊन डोक्यावर. आता बऱ्याच कंपन्यांत केबिनच्या टीव्हीवर किंवा फोनवर व्हिडिओ बघायचा, भोंग्याचा आवाज ऐकायचा, मग सवडीने आपल्या मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. गर्दी टळते, लोक चिडत नाहीत, आणि कोण आलं नाही याची यादी कॉम्प्युटर आपोआप देतो. माझी तक्रार एकच. या पद्धतीत भरलेल्या जिन्यातून चालण्याचा अनुभव कोणालाच मिळत नाही. दुपारी एक वाजता लिफ्टने जाऊन कार्ड दाखवलेला माणूस रात्री दोन वाजता लिफ्ट बंद असताना तीच जागा शोधेल का, याचं उत्तर स्कॅनर देत नाही. म्हणून कार्ड स्कॅन करायला जाताना लिफ्ट टाळा. केबिनच्या दारामागे लावलेला नकाशा बघून त्याच जिन्याने जा. दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे, मधे किती दारं लागतात, किती मजले चढायचे की उतरायचे, हे एकदा पायांना कळू द्या. धूर असेल तर दिवे दिसत नाहीत. म्हणूनच कॉरिडॉरमध्ये भिंतीच्या अगदी खाली, जमिनीलगत, वाट दाखवणारे दिवे किंवा चमकणाऱ्या पट्ट्या लावलेल्या असतात, कारण धूर आधी वर साठतो. त्या पट्ट्या कुठे संपतात तेही बघून ठेवा.

मस्टर स्टेशन म्हणजे बोटीजवळचीच जागा असं नाही. ते उघड्या डेकवर असेल, तसंच थिएटरात, रेस्टॉरंटमध्ये किंवा कॅसिनोतही असू शकतं. माणशी किमान ०.३५ चौरस मीटर जागा हवी असा नियम आहे. म्हणजे उभं राहण्यापुरती, खुर्ची टाकून बसण्याची नव्हे. तिथून हुकूम आला की गटागटाने बोटीकडे नेतात. आतल्या मस्टर स्टेशनमुळे थंडी-वाऱ्यात तासन्‌तास उभं राहणं टळतं. पण ती जागाही बदलावी लागू शकते, ते पुढे येईलच.

लाईफजॅकेट केबिनमध्ये असतं किंवा मस्टर स्टेशनवर ठेवलेलं असतं, जहाजागणिक पद्धत वेगळी. तुमच्या जहाजावर कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारा. मस्टर स्टेशनवर असेल तर केबिनकडे धावायचं कारणच उरत नाही. जॅकेटची घडण मुद्दाम अडाण्यालाही जमावी अशी असते: कोणी न दाखवता चारपैकी तीन नवख्या माणसांनी एका मिनिटात ते बरोबर घातलं पाहिजे ही चाचणीच असते. तरीही चुका ठरलेल्या. पट्टा सैल ठेवणं ही पहिली. पाण्यात पडल्यावर सैल जॅकेट वर सरकतं आणि तोंड वर ठेवण्याऐवजी कानांशी येऊन बसतं. श्वास सोडून पट्टा ओढा, खाली दोन बोटं जेमतेम जातील इतका. दुसरी चूक म्हणजे लोंबणारे पट्टे. जिन्यात मागच्याचा पाय त्यावर पडतो आणि दोघेही खाली. तिसरी, लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट. मापं वजनावर असतात: १५ किलोच्या आतलं बाळ, १५ ते ४३ किलोचं मूल, त्यावर मोठ्यांचं. प्रवासी संख्येच्या किमान दहा टक्के लहान मुलांची जॅकेटं ठेवावीच लागतात, आणि मुलं जास्त असतील तर तितकी जास्त. आपल्या मुलाचं माप केबिनमध्ये नसेल तर केबिन नीटनेटकी करणाऱ्याला सांगा, तो आणून देतो. याला संध्याकाळपर्यंत थांबू नका.

जॅकेटला शिटी आणि दिवा असतो. दिवा किमान आठ तास जळतो. जॅकेट साडेचार मीटरवरून उडी मारून तपासतात, पण ती उडी जॅकेट हातांनी घट्ट धरून मारलेली असते. हात वर करून मारलेल्या उडीची चाचणी फक्त एक मीटरची. कारण उघड आहे: पाण्यावर आपटताना जॅकेट वर उसळतं आणि हनुवटीवर जोराने बसतं. क्रूझ जहाजाच्या डेकवरून कोणी उडी मारावी अशी अपेक्षा कुठल्याच योजनेत नाही. कोरडं राहून बोटीत बसायचं, हीच योजना.

आता बोटीकडे येऊ. खालून बघताना त्या भल्या मोठ्या बोटी नुसत्या टांगून ठेवल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक बोट दोन पोलादी हातांवर असते, त्यांना डेव्हिट म्हणतात. पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक हूक, त्यांत अडकवलेली पोलादी वायर, तिला फॉल म्हणतात. ती कप्पीच्या चाकांवरून फिरून विंच नावाच्या चक्रावर गुंडाळलेली असते. समुद्रात बोट हलू नये म्हणून पट्ट्यांनी करकचून बांधतात. उतरवताना आधी हे पट्टे सोडायचे, मग डेव्हिट बाहेर काढायचे, आणि ब्रेक उचलला की बोट स्वतःच्या वजनाने खाली जाते. जहाजाची वीज यात लागत नाही. हा सगळ्या रचनेचा गाभा आहे, कारण बोट लागते तेव्हा वीज बहुधा गेलेलीच असते. खाली जायचा किमान वेगही ठरलेला: सेकंदाला ०.४ मीटर अधिक उंचीच्या मीटरमागे ०.०२. वीस मीटर उंचीला सेकंदाला ०.८ मीटर. फार हळू गेली तर डोलणाऱ्या जहाजाच्या भिंतीवर आपटत राहते, फार वेगात गेली तर ब्रेक लावताच वायरला झटका बसतो.

पाण्याला टेकल्यावरची काही सेकंदं सगळ्यात नाजूक. लाटेच्या माथ्यावर बोट उचलली जाते, वायर सैल पडते, आणि लाट खाली गेली की बोट पुन्हा वायरवर झटक्याने लटकते. म्हणून दोन्ही हूक एकाच वेळी सुटले पाहिजेत. हूक सोडायचा दांडा बोटीच्या चालकाजवळ असतो आणि त्याला एक कुलूप असतं: बोटीच्या तळाला पाण्याचा दाब लागल्याशिवाय ते उघडत नाही. दाब लागला नाही तरी सोडायची सोय ठेवलेली आहे, पण तिच्यावर झाकण असतं, चुकून हात पडू नये म्हणून. एक हूक सुटला आणि दुसरा अडकला तर बोट उभी लटकते आणि आतली माणसं खाली पडतात. हे हूक गेली कित्येक वर्षं सगळ्यात बदनाम भाग होते. नीट न बसलेला हूक बाहेरून बसलेला दिसायचा आणि वर ओढताना उघडायचा. शेवटी नियमच बदलला: जुन्या घडणीचे हूक १ जुलै २०१४ नंतरच्या पहिल्या ड्रायडॉकला (जहाज पाण्याबाहेर घेऊन होणाऱ्या दुरुस्तीला), फार तर १ जुलै २०१९ पर्यंत, तपासून बदलायचे.

वायरचा धोका वेगळ्या जातीचा. १० फेब्रुवारी २०१३ ला कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा बंदरात थॉमसन मॅजेस्टी या जहाजावर कर्मचाऱ्यांचं ड्रिल चालू होतं. आठ जण असलेली बोट वर ओढताना एका टोकाची वायर तुटली, बोट उलटी होऊन पाण्यात पडली, पाच जण गेले. वायर दर पाच वर्षांनी बदलायचा नियम आहे. ही वायर २०१० मधली होती, म्हणजे मुदत संपलेली नव्हती. कप्पीवर कायम टेकून राहणाऱ्या भागात ती आतून गंजली होती. वरून ग्रीस फासलेलं दिसतं आणि आतले तार कुजलेले असतात. जिथे हात पोचत नाही तिथेच गंज चढतो, आणि तपासणाराही बहुधा हात पोचतो तेवढंच बघतो.

म्हणून प्रवाशांना ड्रिलमध्ये बोटीत बसवून खाली सोडत नाहीत. आळस किंवा काटकसर हे कारण नव्हे. सरावासाठी शेकडो माणसांना वायरवर लटकवणं हाच जोखमीचा भाग आहे. कर्मचाऱ्यांचा सराव मात्र दर आठवड्याला होतो, आणि प्रत्येक बोट किमान तीन महिन्यांतून एकदा पाण्यात उतरवून चालवून बघावी लागते. बंदरात जहाज उभं असताना एका बाजूच्या बोटी खाली गेलेल्या दिसल्या तर घाबरू नका, त्या जागी तेच चाललेलं असतं.

बोटीत बसल्यावर काय, याची कल्पना बहुतेकांना नसते. एका माणसाला ४३ सेंटिमीटर रुंदीची जागा आणि सरासरी वजन धरलंय ७५ किलो. लाईफजॅकेट घातलेल्या प्रौढ माणसांना ही जागा कशी पुरते, तर खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा लावून. पूर्ण बोट दहा मिनिटांत भरता आली पाहिजे, म्हणून आत गेलेल्याने दाराशी थांबायचं नाही, थेट टोकापर्यंत सरकायचं. आपल्या माणसांसाठी शेजारची जागा राखून ठेवणं हा इथला सगळ्यात महागडा शिष्टाचार. वजन दोन्ही बाजूंना सारखं बसावं म्हणून बसायची जागा चालक सांगतो, खिडकीजवळची मागायची नसते.

इंजिन डिझेलचं. भरलेल्या बोटीला शांत पाण्यात किमान सहा नॉटचा (ताशी सुमारे ११ किलोमीटर) वेग आणि त्या वेगाने २४ तास पुरेल इतकं इंधन. म्हणजे ती किनारा गाठायला नसते. जहाजापासून दूर जायचं, इंजिनविना तरंगणाऱ्या तराफ्यांना ओढून एकत्र ठेवायचं आणि वाट बघायची, एवढं तिचं काम. आत माणशी तीन लिटर पाणी आणि १०,००० किलोज्यूल ऊर्जेचा कोरडा शिधा. इशाऱ्यासाठी चार पॅराशूट रॉकेट, सहा हातात धरायच्या मशाली, दोन धुराचे डबे, आरसा, शोधदिवा, होकायंत्र, पाणी उपसायचा पंप, बादल्या, दोन कुऱ्हाडी. मासे धरायचा गळसुद्धा यादीत आहे, त्याला कोणी हात लावल्याचं ऐकिवात नाही. कामाची गोष्ट म्हणजे उलटीवरची गोळी: ४८ तास पुरतील इतक्या आणि माणशी एक पिशवी. ती गोळी बोट पाण्याला टेकायच्या आधी घ्यायची. गच्च भरलेली, डिझेलच्या वासाची बंद बोट लाटांवर डोलायला लागली की कधीही बोट न लागणारेही आडवे होतात. एकाला उलटी झाली की शेजारच्यालाही होते. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, थंडी जास्त लागते, आणि सुटका करणाऱ्या जहाजावर चढवायची वेळ येते तेव्हा शिडी धरायला हातात जोर उरत नाही.

बंदर उथळ असेल तेव्हा प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या टेंडर बोटी अनेकदा याच असतात, थोड्या सुधारलेल्या. तुम्ही टेंडरने गेला असाल तर बोटीचा आतला भाग तुम्ही पाहिलेलाच आहे. फक्त तिथे माणसं कमी होती, हे लक्षात ठेवा.

तराफ्यांबद्दल थोडक्यात. पांढऱ्या पिंपासारख्या डब्यांत ते बंद असतात. दोरी ओढली की फुगतात, साधारण हवामानात एका मिनिटात. जहाज अचानक बुडालंच तर पाण्याखाली चार मीटरच्या आत डबा आपोआप सुटून वर येतो. क्रूझवर त्यांत उतरायला बहुधा कापडी नळीसारखी घसरगुंडी असते, एका वेळी एक माणूस. हात छातीशी, आणि खालचा ओरडल्याशिवाय वरच्याने निघायचं नाही.

इतकी सगळी तयारी असून कॅप्टन बोटी सोडायला शेवटपर्यंत का कचरतो, याचं उत्तर व्हायकिंग स्काय हे जहाज देतं. २३ मार्च २०१९, नॉर्वेचा हुस्टाडव्हिका हा खडकाळ किनारा, भर वादळ, जहाजावर १३७३ जण. इंजिनांतलं वंगणतेल कमी होतं, जहाज जोरात डोलू लागल्यावर पंपांना तेल मिळेना, इंजिनं एकामागून एक बंद पडली. जहाज खडकांच्या अगदी जवळ वाहत गेलं. त्या लाटांत लाईफबोटी उतरवणं म्हणजे माणसं मारणं होतं. नांगर टाकून, एकेक इंजिन सुरू करून जहाज कसंबसं सावरलं. दरम्यान हेलिकॉप्टरने ४७९ जणांना उचललं आणि दुसऱ्या दिवशी जहाज उरलेल्यांसकट मोल्दे बंदरात पोचलं. मस्टर स्टेशन असलेल्या एका रेस्टॉरंटमध्ये लाटेचं पाणी घुसलं आणि लोकांना हलवावं लागलं. जागा ऐन वेळी बदलू शकते ती अशी. तेव्हा कर्मचारी सांगेल तिकडे जायचं, 'माझ्या कार्डावर हीच जागा आहे' असा वाद घालायचा नसतो. १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना आधीपासूनच अशी रचना सक्तीची आहे की ठरावीक मर्यादेतली आग किंवा पाणी शिरल्यावरही जहाज स्वतःच्या ताकदीने बंदर गाठेल. मोठं जहाज तरंगत असेपर्यंत तीच सगळ्यात चांगली लाईफबोट असते, असं समुद्रावरची जुनी माणसं म्हणतात, आणि ते खरं आहे.

मुलांबद्दल आईवडिलांची चूक ठरलेली. मूल खेळाच्या क्लबमध्ये, भोंगा वाजतो, आई एका जिन्याने आणि बाप दुसऱ्या जिन्याने उलट दिशेला पळतात, तेही वर येणाऱ्या शेकडो लोकांच्या विरुद्ध. बऱ्याच कंपन्या मुलाच्या मनगटावर मस्टर स्टेशनचं अक्षर असलेला पट्टा बांधतात आणि क्लबचे कर्मचारी मुलाला तिथे आणून सोडतात. काही ठिकाणी पद्धत वेगळी असते. मुलाला क्लबमध्ये पहिल्यांदा सोडताना तिथेच विचारा: भोंगा वाजला तर मूल कुठे मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर रिसेप्शनला विचारा.

मस्टर स्टेशनवर नाव पुकारून किंवा कार्ड स्कॅन करून मोजणी होते आणि आकडा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जातो. एक जण कमी भरला तर त्याला शोधायला कर्मचाऱ्यांची टोळी केबिनांत जाते, गरज पडली तर धुरात. म्हणून मोजणी झाल्यावर सिगारेट ओढायला किंवा मित्राच्या स्टेशनवर गप्पा मारायला सटकणारा माणूस नुसता बेशिस्त नसतो. त्याच्यापायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो. चुकीच्या स्टेशनवर पोचलात तर तसं सांगा. परत पाठवण्यापेक्षा तिथेच नोंद करून घेणं कर्मचाऱ्यांना बहुधा सोपं जातं.

चालायला त्रास असेल, ऐकू कमी येत असेल, तर हे तिकीट काढतानाच कळवा आणि चढल्यावर पुन्हा एकदा सांगा. भोंगा वाजल्यावर लिफ्ट वापरता येत नाहीत. जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्च्या असतात आणि त्या घेऊन येणाऱ्या टोळीच्या हातात नावांची आणि केबिनांची यादी असते. त्या यादीत नाव असेल तर ते दारापर्यंत येतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केबिनमध्ये चमकणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारं यंत्र मिळू शकतं, पण ते मागितल्यावरच.

रात्री झोपताना बूट, चष्मा, रोजची औषधं आणि एक गरम कपडा हाताला लागेल असा एकाच जागी ठेवा. भोंगा वाजल्यावर केबिनमध्येच असाल तर एवढंच उचला, दार लावून घ्या आणि निघा. केबिनबाहेर असाल तर यांतलं काहीही आणायला परत जाऊ नका. ब्लँकेट आणि पाणी मस्टर स्टेशनवर मागा.